परत फिरायची सोय

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात पुढचं पाऊल टाकताना मागच्या पावलाला 'तू इथंच थांब, मी जरा बघून येतो' असं सांगितलं नाही, असं एकदाही झालं नसेल. परत फिरायची सोय केल्याशिवाय हा माणूस न्हाणीघरातसुद्धा जात नाही. चपला काढतील त्या दाराकडे तोंड करून. नवीन सदरा घालतील तर जुना पिशवीत घडी करून संध्याकाळपर्यंत बरोबर हिंडवतील, म्हणजे नवीन टोचला तर जुना हजर. एका दिवाळीत त्यांनी खोलीला रंग काढला. तीन भिंती झाल्या पिस्ता आणि चौथी राहिली जुनी निळी. मला वाटलं, रंग संपला. विचारलं तर म्हणाले, "नाही, विहीणबाई, मुद्दाम ठेवलीय. उद्या पिस्ता नाही आवडला तर आधीचा रंग नेमका कोणता होता ते कुणाला विचारायचं?" ती भिंत बरीच वर्षं तशीच होती. माझी विहीण त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

रिक्षाचं तर विचारूच नका. सुरतेतल्या लिंबायतहून कुठेही जायचं झालं की नवराबायको दोन वेगळ्या रिक्षांत. एक बंद पडली तर दुसरी पोचली पाहिजे. पुढच्या रिक्षात हे, मागच्या रिक्षात ती, आणि दर चौकात ह्यांची मान बाहेर, मागची येतेय का बघायला. "लग्न झाल्यापासून मी ह्या माणसाच्या मागच्या रिक्षात आहे," असं विहीण म्हणते, आणि म्हणताना हसत नाही. माझ्या लेकीच्या लग्नात भटजी एक त्यांच्याकडचा आणि एक आमचा, असे दोन असणार हे ठरलेलंच होतं. ह्यांनी तिसरा आणला. "तिसरा कशाला हो?" मी विचारलं. तर कानाशी येऊन म्हणाले, "ते दोघं एकाच गाडीवरून येतायत असं कळलं." दोघे वेळेवर आले. तिसरे बिचारे मुठीत अक्षता घेऊन कोपऱ्यात राखीव बसून राहिले. किती वेळ बसणार? त्यांनी कोपऱ्यातूनच मंगलाष्टका सुरू केल्या, आणि त्यासुद्धा दुसऱ्याच चालीत. माझ्या लेकीचा हार हातातच राहिला. कोणाच्या 'सावधान'ला घालायचा ते तिला कळेना.

आणखी एक खोड आहे, ती मला आधी विचित्र वाटायची, नंतर वाटेनाशी झाली. विहीण स्वयंपाकघरात असली की हे बाहेरच्या खोलीतून हाक मारतात, "ए, आहेस का?" ती म्हणते, "आहे." हे म्हणतात, "बरं." झालं. पाणी नको, चहा नको, काही नको. थोड्या वेळाने परत तेच. कामावरच्या मशिनीला ते असंच करतात म्हणे. एक हाक टाकायची, तिकडून 'आहे' असं आलं की रस्ता चालू आहे असं समजायचं. फोनवर तर दर वाक्याला "मिळालं?" असं विचारतात आणि समोरचा "मिळालं" म्हणेपर्यंत पुढचं वाक्य सोडत नाहीत. आमचे हे गेले तेव्हा सांत्वनाचा फोन आला, "वाईट झालं, विहीणबाई. मिळालं?" मी रडता रडता "मिळालं" म्हटलं. काय करणार!

हे सगळं त्यांच्या कामातून अंगात भिनलेलं. बमरोलीच्या एका मिलमध्ये ते वायरमन म्हणून लागले होते. मग मिलमध्ये कॉम्प्युटर आले आणि खिशात टेस्टर असलेला माणूस हाच, म्हणून ते ह्यांच्या गळ्यात पडले. बघून, विचारून, बिघडवून शिकले. पुढे शेठनी एक मोठी मशीन आणली, सर्व्हर. ती गोष्ट मला त्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की साडीला फॉल लावता लावता माझीही पाठ झाली. त्या एका मशिनीच्या पोटात चार मशिनी असतात. खऱ्या नव्हेत, पण अगदी खऱ्यासारख्या वागतात. एक बिलांची, एक हजेरीची, एक डिझाइनची आणि एक कॅमेऱ्यांची. "आपल्या गल्लीत कशी एका घरात चार बिऱ्हाडं असतात," ते म्हणायचे, "चुली चार, पण गल्लीत यायचं दार एक. तसं." ते दार म्हणजे नेटवर्क कार्ड, म्हणजे जिथे वायर खुपसतात ते. आता चौघांनी एका दारातून एकदम घुसायला नको म्हणून आत एक ओटा करायचा. सगळ्यांनी आधी ओट्यावर यायचं, तिथून बाहेर. त्या ओट्याला ते ब्रिज म्हणतात. ओटा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, पण असो.

तर पूर्वी ह्यांनी तो ओटा नुसता असाच टाकला होता, आणि घराचा नंबर, म्हणजे त्या मशिनीचा पत्ता, दारावरच राहिला होता. तो दारावरून काढून ओट्यावर ठोकायला हवा, हे त्यांना एका सुट्टीच्या दुपारी जेवल्यावर सुचलं. सुचलं तर सुचलं, मिलमध्ये जायचं ना? नाही. घरी बसून, लांबूनच, त्याच दारातून आत शिरून त्यांनी दारावरची पाटी काढली. काढल्या क्षणी घराला पत्ताच उरला नाही. हे बाहेर, पाटी आत, ठोकणार कोण? विहीण सांगते, "तोंड असं झालं की मला वाटलं भाकरीचा घास अडकला." रिक्षा करून बमरोलीला गेले तर सर्व्हरच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली वॉचमनच्या कमरेला. वॉचमन कोसाडला मेव्हण्याच्या पोराच्या जावळाला गेलेला. हे कोसाडला. तिथे वसाहतीतल्या सगळ्या इमारती एकसारख्या आणि त्या दिवशी दोन ठिकाणी जावळं. पहिल्या ठिकाणी ह्यांना पाहुणे समजून जेवायला बसवलं. हे 'वॉचमन कुठाय, वॉचमन कुठाय' म्हणतायत आणि वाढणारी बाई म्हणतेय, "येतील हो, आधी तुम्ही घ्या." पंगत उठेपर्यंत कळलं की जावळ चुकलं. हजेरीची मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी कशीबशी चालू झाली, पण ह्यांच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. त्या दिवसापासून परत फिरायची सोय.

हे इतकं सगळं हसत सांगितलं मी, पण खरं सांगू का, शेवटी शेवटी हसून हसून आम्ही दमलो होतो. विहीण तर फारच दमली होती.

तिची आई नंदुरबारच्या पुढे एका गावात एकटी राहायची. भाऊ नव्हता आता. शेजारीण दोन वेळा डोकावायची, तेवढाच आधार. म्हातारीला विसर पडू लागला होता. आधी वस्तू विसरायची, मग वार, मग माणसं. त्या शेजारणीला ती आपल्या लेकीच्या नावानं हाक मारायला लागली, तेव्हा विहीण माझ्याकडे येऊन नुसती बसून राहिली. माझे लेकजावई बडोद्याला, त्यांच्या नोकऱ्या. व्याह्यांची रिटायर व्हायची वेळ होऊन गेलेली. दोघांनी ठरवलेलं होतं की आता गावाला जाऊन राहायचं, म्हातारीजवळ. पण नवीन शेठ, म्हणजे जुन्या शेठचा मुलगा, म्हणाला होता, "काका, एटलुं करी आपो ने, पछी जाव." एवढं करून द्या, मग जा. आणि 'एवढं' म्हणजे काय, तर त्या मशिनीला दुसरं दार पाडायचं. दोन वायरी जोडून एक करायच्या, एक उंदरानं खाल्ली तर दुसरीवर चालावं, त्याला जोडून तो ओटा नीट बांधायचा आणि पाटी ओट्यावर ठोकायची. बाईमाणसाला वाटावं, एका दुपारचं काम. पण पाटी म्हटलं की ह्यांना कोसाडची पंगत आठवायची. दिवाळीला म्हणाले, सीझन आहे, आत्ता नको. संक्रांतीला म्हणाले, लग्नसराईचा माल आहे. होळीला म्हणाले, वर्षअखेरीची बिलं आहेत. मी विहिणीला म्हटलं, "अगं, तू जा एकटी. त्यांचं ते बघतील." ती म्हणाली, "गेले असते. पण मी घरात नसले की हा माणूस जेवत नाही. भूक लागली हे त्याला मी सांगावं लागतं." आणि मग हळूच, "मनी माय वाट देखी राहिनी." माझी आई वाट बघतेय. घरातली अहिराणी ती माझ्यापाशी अशी अधूनमधूनच बोलते, फार थकली की.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती डबा बांधून तयार झाली आणि मला म्हणाली, "चल. आज मी त्या मशिनीसमोर बसणार. काम झाल्याशिवाय उठू द्यायचं नाही. तू साक्षीला." रिक्षा अर्थातच दोन.

सुट्टीच्या दिवशी मिल कशी वेगळीच वाटते. वाफ नाही, खडखड नाही, नुसता रंगाचा उग्र वास राहिलेला. सर्व्हरची खोली एवढीशी आणि आत एसी असा की आम्ही दोघींनी पदर डोक्यावरून घेतले. व्याह्यांनी आम्हाला कामं वाटून दिली. विहिणीपुढे लॅपटॉप ठेवला, त्यावर एकाखाली एक ओळी सरकत होत्या. "ह्या ओळी म्हणजे ती 'आहे' म्हणतेय. थांबल्या तर सांग." मला मागच्या बाजूला उभं केलं, दोन वायरींच्या टोकाला दिवे लागलेत का बघायला. मग त्यांनी परत फिरायची सोय केली. मशिनीला सांगून ठेवलं की मी आता सगळं बदलतोय, पण दहा मिनिटांत मी 'ठीक आहे' असं म्हटलं नाही तर तू समज माझा घोटाळा झाला, आणि सगळं होतं तसं करून टाक. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. संसारात असं काही असतं तर!

"करू?" त्यांनी विचारलं.

"करा आता," विहीण म्हणाली.

त्यांनी एक बटण दाबलं. विहीण ओरडली, "थांबल्या!" मी दिवे सोडून तिच्याकडे धावले, आणि मला त्यातलं काही कळतही नाही. व्याह्यांचे ओठ पुटपुटत होते, देवाचं नाव होतं की आकडे होते कोण जाणे. मग विहीण म्हणाली, "आल्या. अहो, आल्या!" त्यांनी एक वायर उपटली, ओळी चालूच. ती लावली, दुसरी उपटली, तरी चालूच. चारी बिऱ्हाडांची दारं वाजवून बघितली, बिलं, हजेरी, डिझाइन, कॅमेरे, चौघांनीही ओ दिली. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या व्याह्यांना मोकळं हसताना बघितलं. खालचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात छोट्या शेठचा फोन, झालं का म्हणून. "काका, थई गयुं?" "थई गयुं, शेठ! मिळालं? थई गयुं!"

"जेवाले चला आते," विहीण म्हणाली, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये वर्तमानपत्र पसरून डबा उघडला. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. व्याही एका हातात भाकरी घेऊन सांगत होते, दोन वायरींनी एकमेकींना कसं सांभाळून घेतलं, ओटा कसा पक्का बसला. विहीण तिच्या गावी जाताना पॅसेंजर उधन्याहून धरायची की सुरतहून, ते मला विचारत होती. लॅपटॉप तिनं मांडीजवळ आणून ठेवला होता. सवय म्हणून तिनं एकदा तिकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "ह्या परत थांबल्या."

व्याह्यांचा हात तोंडाशी थांबला. मग ओळी पुन्हा सुरूही झाल्या, पण ते उठून आत गेले ते तसेच, उष्ट्या हातानं. परत आले तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सगळं होतं तसं झालं होतं. एक दार, जुना ओटा, दारावर पाटी. दहा मिनिटं होऊन गेली होती आणि 'ठीक आहे' म्हणायचं राहून गेलं होतं. मशिनीनं सांगितलेलं ऐकलं, इतकंच.

"मीच परत आणलं," ते म्हणाले. खाली बसले. भाकरीचा तुकडा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आज राहू दे. पुढच्या सुट्टीला बघू. आज माझं डोकं..."

मी विहिणीकडे बघायचं टाळलं. पण ती चिडली नाही. तिच्यात तेवढा जीवच उरला नव्हता. ती अगदी हळू, जणू भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाली, "तुमचं बरं आहे. तुमची मशीन होतं तसं करून देते. मनी माय नाही देणार. ती आज जेवढी आहे तेवढी पुढच्या सुट्टीला नसेल."

व्याही उठले, नळावर हात धुतले, रुमालाला पुसले, आणि आत जाऊन बसले. आम्ही दोघी मागोमाग. पुन्हा तेच सगळं. परत फिरायची सोय त्यांनी पुन्हा केली, तेवढी मात्र सोडली नाही. बटण दाबलं, ओळी थांबल्या, ओळी आल्या. वायरी उपटल्या, लावल्या. चारी बिऱ्हाडं बोलली. आता फक्त 'ठीक आहे' म्हणायचं होतं.

आणि हे म्हणेनात. पुन्हा बिलं उघडून बघितली. पुन्हा कॅमेरे बघितले, त्यात रिकामी मिल दिसत होती. तिथली खाती, तिथला जिना, जिथे वायरमन म्हणून ते पहिल्यांदा उभे राहिले असतील ते दार. हे बघत बसले. मी मागे उभी होते, मला त्यांची मान दिसत होती, किती बारीक झाली होती ती. मघाशी हे खरंच विसरले होते का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी कोणाला विचारला नाही. तुम्हालाही उत्तर देत नाही.

"कोणतं दाबायचं?" विहिणीनं विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं, लावलं नाही. तिनं वाकून, ठेच्याचा वास असलेल्या बोटानं ते बटण दाबलं. एकदाच, पण असं जोरात की टेबल हललं.

"हळू," व्याही म्हणाले.

"झालं?"

"झालं."

त्याच आठवड्यात ती दोघं गावाला गेली. मी उधन्याला सोडायला गेले होते, पिशव्या मोजायला. गावी पोचल्यावर म्हातारीनं लेकीला ओळखलं. "एवढा उशीर?" म्हणाली म्हणे, आणि त्यावर रुसून संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पुढे पुढे ओळखेनाशी झाली, पण तोवर विहिणीला रुसवा तरी मिळाला होता, आणि तिला तो पुरला. पावसाळा सरेपर्यंत म्हातारी होती. शेवटी शेवटी ती फक्त जावयाच्या हातचं जेवायची. हा माणूस, ज्याला स्वतःची भूक कळत नाही, तो वाटीत भात कालवून तासन्‌तास तिच्याजवळ बसायचा, असं विहीण सांगते.

ती दोघं परत आली नाहीत. आणि मिलमधून कोणाचा फोनही आला नाही. इतकं काम पक्कं झालं होतं की कोणाला ह्यांची गरजच पडली नाही. फोन मात्र ह्यांनी खिडकीच्या त्या एका कोपऱ्यात ठेवलेला असतो जिथे रेंज येते, आणि शेतावर जातानाही विहिणीला बजावून जातात, वाजला तर धावत ये म्हणून. तो वाजत नाही. मग कधीतरी विहीणच गुपचूप शेजारणीच्या फोनवरून मला सांगते, "अगं, त्यांना जरा फोन लाव ना. काहीतरी बिघडलंय म्हण."

मी लावते. "व्याही, आमच्या घरातलं नेट फार हळू चाललंय हो." ते एकदम सावरून बसतात, आवाजातच कळतं. डबी कुठे ठेवलीय? भिंतीजवळ आहे का? तिच्यावर काही टाकलंय का? मी म्हणते, रुमाल टाकलाय, धूळ बसते म्हणून. "काढा, काढा तो रुमाल, विहीणबाई! तिला उकडतं." मी फॉलचा टाका घालत जागेवरच बसलेली असते. रुमालही नाही आणि बिघडलेलंही काही नाही.

"काढला," मी सांगते.

"आता बघा. पडला फरक?"

"पडला."

"बघा," ते म्हणतात. मग तिकडे जरा वेळ नुसता वारा ऐकू येतो, आणि ते फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.